खाड्या, चढ आणि वेळासची कासवं: मुरूड ते वेळास, सायकलवर एकटीने

कोकणात किनाऱ्याने सायकल चालवायची तर नकाशावरच्या किलोमीटरला फारसा अर्थ उरत नाही. एक खाडी, मग सडा म्हणजे कातळाचं पठार, सड्यावरून खाली उतरलं की दुसरी खाडी, असा सगळा हिशेब. उतारावर कमावलेला वेळ धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघण्यात जातो आणि बोटीतून उतरलं की समोर परत चढ उभा. मुंबईहून रो-रो बोटीने मांडवा आणि पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरूड हा भाग बहुतेक सायकलवाल्यांचा झालेला असतो, म्हणून तो गाळते. हे पुढचं, मुरूडपासून बाणकोटची खाडी ओलांडून वेळासपर्यंतचं. फाल्गुन महिना, शिमगा तोंडावर आलेला, सोबत कोणी नाही.

शनिवार: मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन

साडेसहाला मुरूड सोडलं तेव्हा हवेत बऱ्यापैकी गारवा होता. या दिवसांत पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, मतलई. दुपारी तो फिरतो आणि वायव्येकडून खारा वारा सुटतो. उत्तरेकडून दक्षिणेला निघालेल्याला हा वारा पाठीवर मिळतो, म्हणून किनाऱ्याची सहल वरून खाली करावी, खालून वर करू नये. शेखाडीजवळ मला समोरून येणारी एक जोडी भेटली. रत्नागिरीहून निघालेले. त्यांना वाऱ्याबद्दल काही विचारायची सोयच नव्हती, चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

आगरदांड्याला पोचले तर भरती पूर्ण भरलेली. पलीकडे दिघीला जाणाऱ्या फेरीत दोन मोटारी, एक पाव-बटरचा टेम्पो, चार-पाच मोटारसायकली आणि टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. मी सायकल कठड्याला टेकवून उभी राहिले. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसत होता, सकाळच्या उन्हात तटाचे बुरूज मोजता येतील इतका स्वच्छ. टोपलीवाल्यांपैकी एक आजी माझ्याकडे नाही, सायकलकडे बघत होत्या.

"एकटीच?"

"हो."

"मालक?"

"घरी आहेत."

"त्यांना नाय येत सायकल?"

बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले. नवऱ्याला सायकल येते, पहाटे उठणं येत नाही, हे सांगितल्यावर आजींना ते एकदम पटलं. मग मी विचारलं, दिघीच्या पुढे बोर्लीपर्यंत चढ कसा आहे. मागून एक मोटारसायकलवाला म्हणाला, "काही नाही मॅडम, प्लेन रोड आहे." आजी त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "दोन चढ हायेत. दुसरा वाईट."

दोन चढ होते. दुसरा वाईट होता.

हा या सहलीतला सगळ्यात कामाचा धडा. मोटारसायकलवाल्याचा चढ त्याच्या मनगटात संपतो, त्याला तो आठवतही नाही. त्यामुळे तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच सपाट वाटतं. चढाची चौकशी करायची ती डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाकडे. अंतराच्या बाबतीत मात्र या माणसांवर विसंबू नये, कारण 'हे काय, इथंच' म्हणजे एक किलोमीटरही असू शकतं आणि सातही.

दिघीपासून सुरुवातीला बंदराचे मालट्रक असतात, रस्त्यावर बारीक खडी उडालेली असते. डाव्या कडेने, आरसा लावून, शांतपणे जावं. पुढे फाटा फुटला की रस्ता आपला एकट्याचा. आणखी एक सांगायचं म्हणजे दिवेआगरच्या अलीकडे एक वेळास आहे, त्याला वेळास आगर म्हणतात. कासवांचं वेळास बाणकोटच्या पलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यात. मोबाइलच्या नकाशात नुसतं 'वेळास' टाकून रस्ता सांगणाऱ्या बाईच्या मागे निमूट गेलात तर मुक्कामाची खोली एकीकडे आणि तुम्ही बाणकोटच्या खाडीच्या अलीकडे, असं होऊ शकतं.

दिवेआगरात शिरलं की ऊन एकदम हिरवं होतं. दोन्ही बाजूंना नारळ-पोफळीची आगरं, मधून चिंचोळा रस्ता, कौलारू घरं. गाव जुनं आहे. इथे सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे सन १०६० चा ताम्रपट मराठीच्या जुन्या लेखांत गणला जातो. बाहेरच्यांना मात्र गाव ठाऊक झालं ते १९९७ साली इथल्या एका वाडीत सोन्याचा गणपती सापडला तेव्हा. २०१२ मध्ये दरोडा घालून तो चोरून नेला, आणि गावाला सावरायला बरीच वर्षं लागली. २०२१ मध्ये सोन्याच्या मूर्तीची परत प्रतिष्ठापना झाली. देवळात दर्शनाला रांग नव्हती. पुजारीबुवांनी प्रसाद देताना हेल्मेट काढायची आठवण केली तेवढंच.

जेवायला थांबले त्या घरगुती खानावळीत मोदक आधी सांगितले तरच मिळतात. मी सकाळी दिघीहून फोन केला होता. पान आलं ते वालाचं बिरडं, आमटी, भात, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि दोन मोदक. बिरडं म्हणजे मोड आलेले, सोललेले वाल. एवढ्या वालांची सालं कोणी काढली असतील या विचाराने मी पानात एक दाणा टाकला नाही.

जेवण होईपर्यंत मालक काकांनी मागची वाडी दाखवली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे, आणि या सगळ्या भागाची वर्षाची कमाई तिच्यावर. वादळात पोफळी कंबरेत मोडल्या. काका बोलत होते ते रडगाण्याच्या सुरात नाही, हिशेबाच्या सुरात. पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, तोवर मधे केळी लावायची, मिरीचे वेल सोडायचे, खोल्या भाड्याने द्यायच्या. मला जे घनदाट वाटत होतं तिथे त्यांनी बोटाने एकेक भोक दाखवलं. वर पाहिलं तर पानांच्या छतात मोठमोठे उजेडाचे तुकडे होते, आणि त्या खाली खांद्याएवढी पोरसवदा झाडं. "आधी इथे दुपारी वाचायला दिवा लागायचा," काका म्हणाले. एक वाळलेली विरी, म्हणजे पोफळीच्या झावळीचा रुंद देठ, टपकन खाली पडली. काकांनी ती उचलून भिंतीला टेकवून ठेवली, चुलीसाठी.

भरतीचा हिशेबही काकांनीच पक्का करून दिला. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो पूर्ण भरतीचा ठोकताळा. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. त्या दिवशी दशमी, म्हणजे साडेसात. सकाळी आगरदांड्याला भरती का होती ते कळलं. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. वाळूवर सायकल चालवायची हौस असेल तर ती ओहोटीला, पाण्याजवळच्या घट्ट ओल्या पट्ट्यावर. दिवेआगरची पुळण लांबलचक आणि सपाट आहे. जेवण जिरवायला मी एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत गेले. चाकांखाली खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी पसरलेली. पण हौसेची किंमत असते: खारं पाणी चेन खातं. बाहेर आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, तेल घाला, आणि हे संध्याकाळवर ढकलू नका.

साडेतीनला पुन्हा निघाले. भरडखोलच्या कोळीवाड्याजवळ मागून खडखड सुरू झाली. थांबून बघते तर कॅरिअरचा उजवा खालचा बोल्ट गायब आणि पिशवी चाकाकडे झुकलेली. माझ्याकडे पंक्चरचं सगळं सामान होतं, दोन ट्यूब होत्या, चेनची कडी होती. त्या मापाचा बोल्ट नव्हता. सावलीत एक काका जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी हातातली प्लास्टिकची सुई खाली न ठेवता मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "आण इकडं."

बोल्टच्या भोकातून त्यांनी निळी नायलॉनची दोरी ओवली. दोन वेढे, मग फ्रेमच्या नळीभोवती आडवे तीन, मग त्या वेढ्यांच्या मधून उभे दोन, आणि प्रत्येक वेळी अंगठ्याने दाबून दात ओठ खात ओढ. शेवटी गाठ मारून टोक लायटरने जाळलं आणि वितळलेला थेंब नखाने चपटा केला. मी म्हटलं, श्रीवर्धनला बोल्ट मिळेलच. काकांना ते आवडलं नाही. "बोल्ट परत पडंल. ही बोट धरते, तुझी पिशवी नाय धरणार?" पैसे विचारले तर हातानेच उडवून लावलं. श्रीवर्धनला मी बोल्ट घेतला खरा, पण लावला नाही. कॅरिअरला बहुधा एम-५ मापाचे बोल्ट लागतात. चार जास्तीचे घेऊन निघा आणि रोज रात्री सगळे आवळा, कारण कोकणातले खडबडीत उतार ते सैल करतातच.

भरडखोल, शेखाडी, कोंडविल, आरावी हा रस्ता सायकलवर करायलाच हवा. मोटारीतून तो अर्ध्या तासात संपतो आणि फोटोत सगळा सारखाच दिसतो. डावीकडे डोंगर, उजवीकडे कठड्याच्या खाली लगेच खडक आणि लाटा. मधेच डोंगराच्या सोंडेवर चढ, मग छोटी पुळण, परत सोंड. वारा पाठीवर होता, मी मोठ्या गिअरवर बसून नुसती पायडलं फिरवत होते. शेखाडीचं नाव १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यात सतत यायचं, स्फोटकांचा काही साठा याच किनाऱ्यावर उतरवला होता. आता तिथे एक बाई ताडगोळे विकत होती. ताडगोळा सोलायला घाई करू नये, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत जातं.

श्रीवर्धनला पोचेपर्यंत सूर्य पाण्यात टेकला होता. बाळाजी विश्वनाथ भट, ज्यांना १७१३ मध्ये पेशवेपद मिळालं, ते इथले. गावात स्मारक आहे, पण बंद व्हायच्या वेळेला मी पोचले. मग मासे खाल्ले आणि झोपले.

रविवार: हरिहरेश्वर, बागमांडला, वेळास

सकाळचा रस्ता आतून, सड्यावरून. काजूला मोहोर, आंब्याला सुपारीएवढ्या कैऱ्या, मधेच पांगारा लालभडक. पहिल्या मोठ्या चढावर मी सगळ्यात लहान गिअरवर, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, नाक हँडलला लावून जात असताना समोर रस्त्यावर दोरी आडवी आली. दोन्ही टोकांना चार-चार पोरं.

"आयना का बायना, घेतल्याशिवाय जायना!"

शिमग्याचं पोस्त. गाड्या अडवतात ते ठाऊक होतं, पण चढावर थांबवलेल्या सायकलवाल्याचं दुःख त्यांना काय कळणार. एकदा पाय टेकला की अशा चढावर परत बसून निघणं अवघड. मी म्हटलं, पैसे देते, पण एका अटीवर. वीस रुपये दिले, आणि सहा पोरांनी मागून सायकल ढकलत, होळीच्या आरोळ्या ठोकत मला वळणापर्यंत पोचवलं. सातवा शेजारून पळत माझे गिअर मोजत होता. "एवढे कशाला लागतात?" त्याने विचारलं. त्याच्याकडे एक मोठ्या माणसाची, बिनगिअरची सायकल होती आणि तो तिच्यावरून याच चढावरून शाळेत जायचा. या दिवसांत कोकणात येणार असाल तर दहा-वीसच्या नोटा वरच्या खिशात ठेवा, आणि उतारावर वेग आवरा. दोरी वळणाच्या पलीकडेही असते.

हरिहरेश्वरला दहाच्या आधी पोचले. एकादशी, सव्वाआठची भरती, त्यामुळे प्रदक्षिणेचा मार्ग अजून पाण्याखाली. देवळामागे डोंगराच्या खाचेतून पायऱ्या खाली उतरतात आणि पुढची वाट खडकांवरून, समुद्राला अगदी खेटून जाते. भरतीला तिथे जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. या खडकांवर लाट मागून येते. काही मंडळी तिथल्या माणसाशी वाद घालत होती की आम्ही लांबून आलो आहोत. समुद्राला हे सांगून उपयोग नाही. मी आधी काळभैरवाचं आणि मग हरिहरेश्वराचं दर्शन घेतलं, घावणे खाल्ले, कोकम सरबत प्यायले, सावलीत पाय पसरले. साडेअकराला वाट मोकळी झाली. खडकांना वाऱ्या-पाण्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पाडलेली आहेत; हाताने चाचपून बघितलं तर कडा कोऱ्या पत्र्यासारख्या लागतात. सायकलच्या बुटांना खाली क्लीट, म्हणजे पायडलात अडकणारी पट्टी, असेल तर ते बूट काढून चपला घाला, नाहीतर घसराल.

बागमांडल्याच्या धक्क्यावर दुपारी ऐन ओहोटी. पाणी खाली गेलेलं, धक्क्याचा उतार शेवाळाने हिरवागार. मोटारी सरळ उतरल्या, मी मात्र सायकल दोन्ही हातांनी ब्रेक दाबून, तिरकी धरून, बोटभर पावलांनी नेली. बोटीवरच्या पोराने न सांगता पुढचं चाक धरलं. पलीकडे वेसवी. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि इथे समुद्राला मिळते. पाणी गढूळ, रुंद, आणि पलीकडचा किनारा रत्नागिरी जिल्हा.

बाणकोटच्या किल्ल्यावर, म्हणजे हिम्मतगडावर, सायकल रेटत गेले. १७५५-५६ च्या सुमारास तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९ चा, त्यामुळे राणीच्या नावाने किल्ला असं जे सरसकट सांगतात ते जुळत नाही. वरून खाडीचं तोंड, हरिहरेश्वरचा डोंगर आणि आपण आत्ता ओलांडलेली फेरी खेळण्याएवढी दिसते. वर पाणी मिळत नाही, खालून भरून न्या.

मी ते भरून घेतलं मोहल्ल्यातल्या एका घरात. अंगण झाडणाऱ्या बाईंनी बाटल्या घेतल्या, आत गेल्या, आणि बाटल्यांसोबत चहा घेऊन आल्या. आजूबाजूची तीन घरं बंद, मोठी, रंगवलेली, कुलपं गंजलेली. "सगळे तिकडे," त्या म्हणाल्या, म्हणजे मुंबई किंवा आखात. त्या एकट्याच चार घरांची अंगणं झाडतात. मला त्यांनी एकटीच का असं विचारलं नाही. या सहलीत न विचारणाऱ्या त्या बहुतेक पहिल्याच.

वेळास खाली, झाडीत दडलेलं गाव. नाना फडणविसांचं मूळ गाव हेच. हॉटेल नाहीत, गावातल्या घरांतच राहायचं, पंगतीला बसायचं. ज्या घरी उतरले तिथे रात्री कुळथाचं पिठलं, फणसाच्या कोवळ्या कुवरीची भाजी, भात. हंगामात शनिवार-रविवारी गाव फुलून जातं, सायकलवाल्याने रविवारी संध्याकाळी पोचावं. पर्यटक निघून गेलेले असतात आणि यजमानांना बोलायला वेळ असतो.

संध्याकाळी कासवांची पिल्लं बघायला किनाऱ्यावर गेले, पण अंडी पुरलेल्या जागी उपड्या ठेवलेल्या टोपल्यांखाली काही नव्हतं.

सोमवार: कासवं आणि मंडणगडचा चढ

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं काम सुरू केलं. त्याआधी अंडी खाण्यासाठी, विकण्यासाठी जायची. मादी रात्री येऊन वाळूत शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. कासवमित्र पहाटे तिच्या पायांचा माग काढून ती अंडी कुंपणातल्या वाळूत, तितक्याच खोल खड्ड्यात हलवतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जितकी गरम तितक्या माद्या जास्त, हे मला तिथे कळलं. जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं, तिचं नाव ठेवलं प्रथमा.

सहाच्या सुमाराला आम्ही सात-आठ जण कुंपणापाशी. कासवमित्राने तारखेची पाटी बघून पहिली टोपली उचलली: नुसती वाळू. दुसरी: वाळू. तिसऱ्या टोपलीखाली वाळू जराशी खचलेली होती, आणि खचलेल्या जागी एक काळं, ओलं, तळहातात मावेल एवढं डोकं-पाय हलत होतं. मग त्याच्या खालून दुसरं. दुसऱ्याने पहिल्याच्या पाठीवर पाय दिला. एकूण दहा-बारा निघाली. त्यांना पाण्यापासून काही अंतरावर सोडतात, कारण तेवढं त्यांचं त्यांनी चालायचं असतं. दोरीच्या मागे उभं राहायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश नाही. एक पिल्लू सारखं उलट, आमच्याकडे वळायचं. कासवमित्र म्हणाला, "असतं एखादं," आणि वाट बघत बसला. लाटेने त्याला दोनदा मागे आणून टाकलं. तिसऱ्यांदा घेऊन गेली.

कासवं बघायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: पिल्लं कुणाच्या सुट्टीचा हिशेब करत नाहीत. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, जमलं तर दोन सकाळी हाताशी ठेवून जा.

नाश्ता करून नऊला निघाले. मंडणगडचा रस्ता चढाचाच. गावाबाहेर मोळी घेऊन येणाऱ्या एका बाईंना विचारलं, तर त्यांनी मोळी न उतरवता सांगितलं की तीन वळणं उभी, मग देऊळ, मग जरा उतार, मग पुन्हा, आणि ते शेवटचं ऊन व्हायच्या आत काढ. मी ते काढलं तेव्हा ऊन झालेलंच होतं. अंगावरचा शर्ट पिळता आला असता. दोन लिटर पाणी लागलं, मीठ-साखर घालून. साधं पाणी पीत राहिलं तर पिंढऱ्यांत गोळे येतात.

मंडणगडला मिसळ खाल्ली आणि वाशीला जाणारा टेम्पो मिळाला, हंगामातल्या पहिल्या हापूसच्या पेट्या भरलेला. मागे जागा होती, पण पेट्यांवर सायकल ठेवायला ड्रायव्हरने साफ नकार दिला. पेटीची फळी फुटली तर बाजारात भाव पडतो, सायकलला एखादा ओरखडा गेला तर कोण विचारतंय, असं त्याचं म्हणणं. सायकल मग मागच्या फळीला बाहेरून बांधली, आणि गाठ त्याने मला मारू दिली नाही.